वेढ्यातली बाई आणि कडेगावचं स्थळ

रहिमतपूर,
१२ फेब्रुवारी १९७८

प्रिय आबेदा,

ईदेच्या शुभेच्छांनंतर माझी एक ओळ नाही आणि आज अचानक जाड पाकीट, म्हणजे हिचं काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. ओळखलंस ते बरोबर. आधी काम करून टाक, मग हवी तेवढी रागाव.

तुझ्या अब्बांच्या दुकानात जुनी इंग्रजी पुस्तकं येतात ना अजून? मला क्रुसेडच्या लढायांवरचं एक चांगलं पुस्तक हवंय. आपल्याला कॉलेजात एका तासात उरकलं होतं तेच प्रकरण: युरोपातले राजे जेरुसलेमसाठी निघाले आणि दोनशे वर्षं तिकडं लढत बसले. त्यातली ११८७ सालची हित्तीनची लढाई नीट, सविस्तर हवी. सहज हवंय. शाळेच्या ग्रंथालयात इतिहासाचं कपाट अगदीच रिकामं दिसतं, म्हणून म्हटलं सहज एखादं ठेवावं. घाई नाही, पण पुढच्या आठवड्यात मिळालं तर बरं.

शाळा ठीक. आई ठीक. आबा निवृत्त सुभेदार असल्यासारखेच ठीक, म्हणजे पहाटे सगळ्या घराला उठवतात आणि मग स्वतः दुपारी झोपतात. माधवनगरला तुझ्या सासरी सगळ्यांना नमस्कार सांग. आणखी विशेष काही नाही. सहज पत्र लिहिलं.

तुझी,
अंजना


सांगली,
१८ फेब्रुवारी १९७८

अगं सहजबाई,

एका पत्रात इतक्या वेळा ‘सहज’ लिहिणारी बाई काहीतरी लपवत असते. वसतिगृहात तू असंच ‘सहज’ म्हणून माझी नवी साडी नेसून गेली होतीस आणि परत आलीस तेव्हा तिच्यावर उसाचा रस होता.

आठवीच्या पोरांना हित्तीनची लढाई कशाला, ते सांग बघू. त्यांना पानिपतची तरी धड येते का?

तरी पण तुझं पत्र मी दुपारी दुकानात अब्बांना वाचून दाखवलं. सासूबाईंची झोप झाली की मी रोज माधवनगरहून येते, पुस्तकांची बांधणी शिवून देते आणि अब्बांचं डोकं खाते. क्रुसेडचं नाव काढल्यावर अब्बांनी हातातली बांधणीची सुईच खाली ठेवली. म्हणाले, “हिला खरंच वाचायचंय का कपाटात लावायचंय, ते आधी इचार. दोन्हीची पुस्तकं येगळी असत्यात.”

तू ‘कपाट’ म्हणालीस, म्हणून मी कपाटाचं पाठवतेय. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आत पानोपानी चिलखतातले घोडेस्वार. अब्बा नको नको म्हणत होते, पण मीच गुंडाळलं आणि एस. टी.च्या कंडक्टरच्या हातात दिलं. खरं कारण कळव, मग खरं पुस्तक मिळेल. आमच्याकडं असा रिवाज आहे.

तुझी,
आबेदा


रहिमतपूर,
२५ फेब्रुवारी १९७८

आबेदा, आबेदा,

घात केलास की गं! लाल पुस्तक स्टँडवरून मी आणायच्या आधी आबांनीच आणलं. आता ते डिक्शनरी घेऊन लिंबाखाली बसलेत आणि घोडेस्वारांची चित्रं बघून मिशी पिळताहेत. चूक माझीच. खोटं बोलले, तर पुस्तकही खोटंच येणार. आता सगळं सांगते. हसायचं नाही. बरं, हस, पण अब्बांना वाचून दाखवताना मधली एक ओळ गाळ. कुठली ते तुला कळेल.

माझं लग्न ठरलं होतं. ‘होतं’ लिहिलंय, लक्षात घे.

कडेगावचे भाऊसो आणि आमचे आबा एकाच पलटणीतले. दोघं युनोच्या निळ्या टोप्या घालून गाझाच्या वाळूत शांतता राखून आले. तिकडं शांतता राखली, तेवढीच. भाऊसोंचा मुलगा अर्जुना, तोही फौजेत आहे. डिसेंबरात बघायला आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले, तर पाटावर पोह्यांच्या बशा, ट्रे ठेवायला जागाच नाही. सगळे नुसते बघत बसले. हा उठला, माझ्या हातातला ट्रे घेतला आणि सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत वाढप्यासारखा उभा राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले होते. (ही ती ओळ.)

मग बैठक बसली. देण्याघेण्यावरून एक शब्द झाला नाही. मानपान नको, हे दोघंही एकमेकांना ओरडून सांगत होते. मध्यस्थ लालासाहेबांनी सुपारी फोडायला घेतली, तेवढ्यात भाऊसोंना गाझाची आठवण आली. तिथल्या एका गाईडनं त्यांना हित्तीनची लढाई सांगितली होती. झालं! त्यांनी फोडायच्या सुपाऱ्या उचलून पाटावर फौज मांडली. तांब्या म्हणजे सफुरियाचे झरे, तिथं ख्रिस्ती फौजेचा तळ. हळकुंडं म्हणजे घोडेस्वार. नारळ म्हणजे लांबचा तिबेरियसचा किल्ला, त्याला सुलतान सलाहुद्दीनचा वेढा. आणि किल्ल्यात अडकलेली कोण? ख्रिस्ती फौजेतल्याच एका मोठ्या सरदाराची बायको. राजा म्हणतो, चला सोडवायला. आणि तो सरदार, तिचा नवरा, म्हणतो, उन्हाळा आहे, वाटेत पाणी नाही, झरे सोडू नका.

भाऊसो म्हणाले, “बराबर बोलला गडी. पान्याबिगर फौज मरती. मेलेला नवरा बायकूला काय सोडवनार?”

आबा गुडघ्यावर उठले. “बायकू कोंडलीया आन ह्यो झऱ्याकाठी बसतोय? त्याला नवरा म्हनायचं व्हय रं?”

“आकाराम, आरं तू सुभेदार हायस का कोन हायस? पानी बघून चालायचं न्हाई व्हय?”

“म्हंजी उद्या माजी अंजना तुज्या घरात अडचनीत आली, तर तुजं पोरगं तांब्या धरून बसनार!”

“माजं पोरगं कुटनं आलं ह्यात?”

“तुज्याच घरातनं आलं की! असल्या नवऱ्याची बाजू घेनाऱ्याच्या घरात लेक देत न्हाई मी. जा.”

आबेदा, मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. आईला राहवेना. ती आतूनच ओरडली, “आवं, त्या बाईला जाऊन आटशे वर्सं झाली, तिच्यापायी माज्या पोरीचं लगीन मोडता व्हय?” पण भाऊसोंनी तोवर टोपी घातली होती. माणसं हुंड्यावरून उठतात, जेवणावरून उठतात. आमची बैठक क्रुसेडवरून उठली.

लालासाहेबांनी तेवढ्यात एक शहाणपण केलं. म्हणाले, दोघंही माणसाचं ऐकायचे नाहीत, तर पुस्तकाचं तरी ऐका. एक चांगलं पुस्तक आणा, ते दोघांपुढं वाचा, ते काय म्हणेल ते खरं. दोघंही तयार झाले, कारण पुस्तक आपल्याच बाजूनं बोलणार याची दोघांनाही खात्री आहे. सुपारी लालासाहेबांच्या खिशात आहे.

अर्जुनाची रजा एप्रिलपासून मे अखेरपर्यंत. ती गेली की पुढची कधी, कोण जाणे. आणि मला लग्न करायचंय गं, याच्याशीच करायचंय. दुसऱ्या कुणी तो ट्रे धरला नसता.

तुझी,
अंजना


सांगली,
६ मार्च १९७८

माझ्या वेढ्यातल्या बाई,

मी दुकानात इतकी हसले, की अब्बांना वाटलं मला उचकी लागली. ती ओळ मी गाळली नाही. अब्बा म्हणाले, “पोरगं चांगलं हाय. ट्रे धरनारा मानूस घर धरतो.” तेव्हा या बाजूनं तुझं लग्न मंजूर आहे.

आता कामाचं. अब्बांनी दुकानातली क्रुसेडवरची सगळी पुस्तकं खाली काढलीत आणि दोन दिवस गिऱ्हाईकांना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलंय. त्यांची पारखायची तऱ्हा बघण्यासारखी आहे. पुस्तक हातात घेतलं की पहिलं पान उघडतच नाहीत. आधी शेवटी जातात आणि लिहिणाऱ्यानं कुणाकुणाचं वाचून लिहिलंय ते बघतात. एकाच बाजूचे साक्षीदार असतील, तर तिथंच मिटतात. मग नकाशा शोधतात. नकाशावर नुसते बाण असतील आणि विहिरी, झरे नसतील, तर म्हणतात, हा माणूस घरात बसून लढलाय. मग फौज किती ते बघतात. “बेटी, ज्याची फौज लाखाच्या खाली उतरतच न्हाई, त्याचं पुस्तक वजनावर घ्यायचं, वाचायला न्हाई. येवढ्या घोड्यांना वैरन कुनी घातली?”

एका देखण्या पुस्तकात चिलखताची कडी न् कडी वर्णन केली होती. पण ते घालून जुलैच्या उन्हात माणसाचं काय होतं, ते कुठंच नव्हतं. ते गेलं बाजूला. दुसऱ्यात राजांच्या सोयरिकी पन्नास पानं आणि हित्तीन दीड ओळ. (तुला आवडलं असतं, पण ते नको.) मग सलाहुद्दीनवरचं एक निघालं. मला वाटलं, अब्बा हे ठेवतील. त्यांनी चार पानं वाचली आणि मान हलवली. लिहिणाऱ्यानं त्याला इतका स्वच्छ धुतला होता, की तो घोड्यावरून उतरतच नव्हता. म्हणाले, “आपल्या मानसाची खोटी तारीफ केली, तर त्याची खरी बी कुनी मानत न्हाई.”

सगळ्यात त्यांना काय आवडतं माहीत आहे? पुस्तकात कुठंतरी ‘हे नक्की सांगता येत नाही’ असं लिहिलेलं सापडलं की खूश होतात. असं म्हणणारा माणूस बाकीचं खरं सांगत असणार, असा त्यांचा हिशेब.

अजून तसं एकही सापडलेलं नाही. धीर धर. लाल पुस्तक मात्र आबांच्या हातून कसंही करून काढून घे. त्यात फौज लाखांची आहे, मी आता बघितलं.

तुझी,
आबेदा


रहिमतपूर,
२० मार्च १९७८

प्रिय आबेदा,

काढून घ्यायची वेळच आली नाही. लाल पुस्तक परवा अंगणात येऊन पडलं.

झालं असं. आबांना त्यातलं इंग्रजी झेपेना, म्हणून मला वाचायला बसवलं. मी घोडेस्वारांची वर्णनं वाचतेय, तर आबा म्हणतात, “म्होरं.” राजाचं भाषण वाचलं, “म्होरं.” लढाई आली. मला वाटलं, आता थांबतील. तर तेही “म्होरं, म्होरं.” असं करत शेवट आला. आबांनी विचारलं, “संपलं?” मी म्हटलं, संपलं. तर त्यांनी पुस्तक घेतलं आणि सरळ अंगणात भिरकावलं. “ह्यात ती बाईच न्हाई! कसलं पुस्तक हाय ह्ये?”

लालासाहेबांनी तडजोड म्हणून भाऊसोंचं पुस्तक आणून दिलं, पोर्ट सैदच्या बंदरावर घेतलेलं. तेही आबांनी माझ्याकडून असंच ‘म्होरं, म्होरं’ करत वाचून घेतलं आणि त्यातही बाई नाही म्हणून परत केलं. म्हणजे बघ, आपल्या बाजूचा पुरावा मिळेना म्हणून किती चिडलेत! हरायची भीती वाटतेय त्यांना, दुसरं काय? आईनं आता सोमवार धरलेत. महादेवाला काय सांगते कोण जाणे, पण परवा तिच्या तोंडी मी सलाहुद्दीनचं नाव ऐकलं.

आणि आबा हल्ली विचित्रच वागतात. शाळा सुटायच्या वेळी नाक्यावर येऊन उभे असतात. विचारलं तर म्हणतात, “पाय मोकळं करतुया.” आणि माझ्या मागून घरी येतात. परवा माझी जुनी पाटी माळ्यावरून काढून पुसत होते. मी म्हटलं, आबा, ही कशाला? तर म्हणाले, “फुटली का बघत व्हतो.” लढाईनं डोकं फिरलंय त्यांचं.

अर्जुनाची रजा मंजूर झाल्याचं लालासाहेबांकडून कळलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतोय. मला एकाच वेळी नाचावंसं आणि रडावंसं वाटतंय आणि आठवीचे पेपर तपासायचे आहेत. काल एका मुलाला पन्नासपैकी साठ दिले.

तुझी,
अंजना


सांगली,
९ एप्रिल १९७८

अंजे,

तू इतिहासाची मास्तरीण आहेस, पण समोरचा कागद तुला वाचता येत नाही. आबा त्या बाईला शोधताहेत, हे तूच लिहिलंस आणि तूच त्यावरून उड्या मारत पुढं गेलीस! त्यांना पुरावा नकोय गं. लढाई कोण जिंकलं, ते त्यांना पाठ आहे. किल्ल्यात अडकलेल्या बाईचं पुढं काय झालं, एवढंच त्यांना कुणी सांगत नाहीये.

माझ्या निकाहाच्या आदल्या दिवशी अब्बांनी मांडववाल्याशी भांडण काढलं होतं, आठवतं? म्हणे खांब वाकडा आहे, असल्या मांडवात निकाह होत नाही. सगळा मांडव उतरवायला लावत होते. खांब सरळ होता. माधवनगर इथून किती लांब? सायकलनं जाता येतं. तरी अब्बांना खांब वाकडा दिसत होता.

मी हे त्यांना म्हटलं, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि शिडी लावून वरच्या फळीवर चढले. वरून एक पुठ्ठे गेलेलं पुस्तक घेऊन उतरले. एका प्रोफेसरांच्या घरच्या रद्दीतून आलेलं. लिहिणारा ती सगळी वाट स्वतः पायी चालून आलाय. नकाशावर झरे आहेत. साक्षीदार दोन्हीकडचे आहेत, आणि त्यांचं जमत नाही तिथं तो सरळ ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणून मोकळा होतो. आणि बाई आहे. नावानिशी आहे. तिचं काय झालं ते मी वाचलं. तुला सांगणार नाही, तूही आधी वाचू नकोस. अब्बा म्हणाले, “लढाईचं चांगलं पुस्तक कुटलं? ज्यात भिताडाच्या आतल्या मानसांचं बी लिवलेलं असतं.”

मी त्याला निळा पुठ्ठा घालून बांधत होते, तेवढ्यात दुकानात एक उंच फौजी आला. “क्रुसेडच्या लढाईवरचं एखादं बारकं पुस्तक मिळंल का? मराठीत असलं तर लय बरं.” मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, “घरचं एक काम अडलंय.” कान बघ कसे होते, ते तुला सांगायला नकोच. मी म्हटलं, एक होतं, पण ते रहिमतपूरला एका बाईंना चाललंय. त्यानं पुस्तकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि असा पळाला, की टोपी दुकानातच राहिली. टोपीही पुस्तकाबरोबर पाठवतेय. योग्य डोक्यावर पोचव.

तुझी,
आबेदा


रहिमतपूर,
१७ एप्रिल १९७८

आबेदा,

बस आणि श्वास घे. मी घेतलेला नाही.

काल भाऊसो आले. “लगनाचं बोलायला न्हाई, पुस्तक ऐकाय आलोय,” हे त्यांनी चपला काढायच्या आधीच जाहीर केलं. बरोबर लालासाहेब होते, आणि दाराशी, बिनटोपीचा, अर्जुना. बैठकीत मुलीनं बसायचं नसतं, पण ते इंग्रजी वाचणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळं मी मधोमध पाटावर बसले आणि दोन्हीकडचे सोयरे भिंतीला. आईनं या वेळी तांब्या, सुपारी, हळकुंडं, सगळं आधीच उचलून ठेवलं होतं.

मी वाचत होते आणि मराठीत सांगत होते. काय पुस्तक आहे गं! सफुरियाचे झरे आले, तेव्हा भाऊसोंनी पाणी मागवलं. राजाच्या तंबूतली रात्रीची मसलत आली. तो सरदार म्हणतो, किल्ला माझा, आत बायको माझी, तरी सांगतो, हलू नका. भाऊसोंनी मांडीवर थाप मारली. मग पुढं आलं, की बाईनंच किल्ल्यातून मदतीचा निरोप धाडला होता आणि तो ऐकून बाकीचे सरदार हळहळले. आता आबांची थाप. मग पहाट झाली, फौज झरे सोडून निघाली, ऊन वर आलं, लांब डोंगरापलीकडं तळं आणि तळ्याकाठी तो किल्ला. लालासाहेबांची विडी बोटांतच विझली.

आणि मी पुस्तक मिटलं.

खरं सांगते, मी ठरवलं नव्हतं. वर बघितलं, तर दोन म्हातारे सोयरे तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होते. मनात आलं, हे दोघं आयुष्यात पुन्हा इतके गप्प बसायचे नाहीत. मी म्हटलं, “पुढचं कडेगावात वाचीन. लग्नानंतर.”

“आगं ये!” भाऊसो ओरडले. “फौज उनात हुबी हाय की!”

“उभी राहू दे, मामा. आठशे वर्षं उभी आहे.”

आबा मात्र ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, “त्या बाईचं काय झालं, येवढं तरी सांग.”

“मलाही माहीत नाही, आबा. आपण तिथंच वाचू.”

आबांनी पुस्तकाच्या निळ्या पुठ्ठ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी दाराकडं बघितलं. “काय रं फौजी? तू त्या सरदाराच्या जाग्यावर असतास तर?”

आबेदा, विचार कर. त्याच्या बापाची बाजू घेतली तर माझा बाप उठणार, माझ्या बापाची घेतली तर त्याचा. अर्जुना सावधान उभा राहिला आणि म्हणाला, “पखाली भरून घेतल्या असत्या, आबा. रातच्याला चाललो असतो. पन गेलो असतो.”

आबा भाऊसोंना म्हणाले, “भाऊसो, पोरगं तुज्यावर गेलेलं न्हाई.” भाऊसो म्हणाले, “न्हाई रं. आईवर गेलंय.” आणि दोघं हसत सुटले, ते ठसका लागेपर्यंत. लालासाहेबांनी खिशातून सुपारी काढली, ती विड्यांच्या तंबाखूनं पिवळी झाली होती, तरी तीच फोडली.

मे महिन्यात, शेवटच्या तिथीला. मी सगळ्यांसमोर त्याला टोपी दिली. तू आणि अब्बा आला नाहीत, तर मी मांडवात उभी राहणार नाही.

तुझी (वेढा उठलेली),
अंजना


सांगली,
२५ एप्रिल १९७८

अंजे,

येतोय. अब्बांनी नवी टोपी आणि नवा कोट शिवायला टाकलाय. मांडवाचे खांब सरळ आहेत का, ते स्वतः बघणार म्हणतात.

आबेदा


कडेगाव,
२९ मे १९७८

प्रिय आबेदा,

मांडवात तू माझ्यापेक्षा जास्त रडलीस, हे इथल्या बायका अजून सांगतात. अब्बा आणि आबा जेवणावळीत शेजारी बसले होते. त्यांचं काय बोलणं झालं, ते दोघांपैकी कुणी सांगत नाही.

ह्यांची रजा परवा संपते. आज दुपारी पुस्तक उघडायचं ठरलं होतं. आबा सकाळच्या एस. टी.नं आले. आमच्यात लेकीच्या घरी बाप जेवत नाही, नातवंड होईपर्यंत तरी. म्हणून त्यांनी भाकरी बांधून आणली होती. भाऊसो म्हणजे मामंजी त्यावरून भांडले, मग स्वतःचं ताट घेऊन आबांच्या शेजारी ओसरीवर जाऊन बसले. ह्यांनी सगळ्यांना पाणी दिलं.

मी वाचलं. ती सगळी तहान वाचली. दिवसभर चालून फौज तळ्यापर्यंत पोचलीच नाही. रात्री बिनपाण्याचा तळ, आणि वाऱ्याच्या बाजूनं पेटवलेलं वाळलं गवत. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. मामंजींचं खरं ठरलं होतं. मी भीत भीत त्यांच्याकडं बघितलं, आता उड्या मारणार म्हणून. पण ते पाण्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आबांकडं बघत होते.

आबा म्हणाले, “म्होरं.”

पुढं बाई होती. लढाईच्या दुसऱ्या दिवशी तिनं किल्ला सोपवला. आणि सलाहुद्दीननं तिला तिची माणसं आणि सामानसुमान घेऊन निघू दिलं. वाटेत कुणी अडवलं नाही. ती आपल्या नवऱ्याच्या मुलखात, त्रिपोलीला, सुखरूप गेली.

“सुखरूप?” आबांनी विचारलं.

“हो, आबा.”

“तसंच लिवलंय? का तू माज्यासाठी सांगतीयास?”

“तसंच लिहिलंय.”

“पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचलं. आबांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले, सगळ्यांसमोर, माझे आबा, सुभेदार. मग मामंजींना म्हणाले, “पोचली बग, भाऊसो.” मामंजी म्हणाले, “पोचनारच की. आता ह्या घरात पानी बी हाय आन मानसं बी हायती. तू कशाला घोर करतोस?”

तू एप्रिलातच ओळखलंस गं. मी मात्र त्यांच्या शेजारी बसून, त्यांना पानं वाचून दाखवूनही, ते हरायला घाबरताहेत असंच समजत राहिले. तेव्हा कळलं असतं, तर नाक्यावरून घरी येताना मी त्यांच्या पुढं चालले नसते, बरोबर चालले असते.

जाताना ते एस. टी.ला थांबले होते. मला म्हणाले, “पुस्तकात अजून पानं हायती का गं?” मी म्हटलं, आहेत, शेवटची दोन प्रकरणं. तर म्हणाले, “मग दमानं वाच. पुढल्या ऐतवारी यीन मी. माज्याबिगर म्होरं जाऊ नगंस.” आणि गाडीत चढले.

आबेदा, दोन प्रकरणं म्हणजे फार तर महिनाभराचे रविवार. तेव्हा अब्बांना सांग, शिडी लावा आणि दुसरं पुस्तक काढा. लढाई कुठलीही चालेल. फौज लाखांची असली तरी चालेल, नकाशात विहिरी नसल्या तरी चालतील, घोड्यांची वैरण मी माझ्या पदरची घालीन. फक्त जाड पाठव. तुमच्या दुकानात असेल त्यातलं सगळ्यात जाड पाठव.

तुझी,
अंजना